आजोबांच्या चार आण्यांच्या पावत्या

(पत्र मोठं होतं. ओळख पटेल असे तपशील गाळून सारांश देत आहे.)

पत्र लिहिणाऱ्या ताई 44 वर्षांच्या आहेत, कल्याणला राहतात आणि बीकेसीतल्या एका बँकेत अधिकारी आहेत. मुलगा दहावीला, नवऱ्याची नोकरी बरी, घराचे हप्ते 2039 पर्यंत. आठ महिन्यांपूर्वी वडील गेले. वरळीच्या बीडीडी चाळीतली त्यांची खोली आवरताना आजोबांची पत्र्याची ट्रंक निघाली. तिच्यात बाबासाहेबांचा फोटो, एक पांढरा सदरा आणि विहाराच्या वर्गणीच्या चार-चार आण्यांच्या पावत्यांचा गठ्ठा होता. आजोबा गिरणी कामगार. 7 डिसेंबर 1956 ला, बाबासाहेबांच्या अंत्यसंस्काराच्या वेळी दादर चौपाटीवर, त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. ताई लिहितात, "आजोबांच्या जगण्याला अर्थ होता. बाबांच्याही होता, आम्हा दोघा भावंडांना शिकवायचं हे त्यांनी ठरवलंच होतं. माझ्या जगण्याला काय आहे? 7.48 ची लोकल, लोनच्या फायली आणि रात्री डबे घासणं." इगतपुरीला विपश्यनेचं (ध्यानाचं) दहा दिवसांचं शिबिर केलं, त्याची शांतता पंधरा दिवस टिकली. चळवळीत असलेला भाऊ म्हणतो, डोळे मिटून बसणं हा पळपुटेपणा आहे. वर तो बाबासाहेबांचं आग्र्याचं भाषण ऐकवतो. मैत्रीण 'तुझा पर्पज शोध' म्हणते आणि कोर्सच्या लिंका पाठवते. झोप नीट लागत नाही, जेवणात चव नाही. "कधी वाटतं, कुर्ल्याला उतरूच नये, गाडी जाईल तिथे जावं. बौद्ध धम्म आयुष्याचा अर्थ काय सांगतो? नोकरी सोडून पूर्णवेळ समाजाच्या कामाला लागू का?"

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल होती. पस्तीस वर्षं वह्या तपासल्या, ती खोड काही जात नाही. 'अर्थ' हा शब्द तुम्ही अकरा वेळा लिहिलाय. 'बाबा' फक्त चार वेळा.

बाबा गेले ते मार्चमध्ये. जलदानविधीला, म्हणजे मरणानंतरच्या बौद्ध विधीला, मंडप कोणाचा, भन्तेजींना आणायला कोण जाणार, जेवायला माणसं किती, सगळं तुम्ही पाहिलंत आणि इयर एंडिंग म्हणून दुसऱ्याच दिवशी कामावर गेलात. हे तीन ओळींत उरकून पुढच्या परिच्छेदात थेट 'आयुष्याचा अर्थ' सुरू होतो. म्हणून आधी इथेच थांबू या. हे दुखणं अर्थाचं आहे की बाबांचं? माणूस गेल्यावर आतून जे रिकामं वाटतं त्याला आपण शिकलेली माणसं तत्त्वज्ञानाचं नाव देतो. रडण्यापेक्षा ते जरा बरं दिसतं.

किसागौतमीची मोहरीची गोष्ट आपल्याकडे कुठल्याही पुण्यानुमोदनाला होतेच. 'मरण कोणाला चुकलंय' एवढं सांगून प्रवचनकार मोकळा होतो. पण हे काय त्या बाईला माहीत नव्हतं? मला त्या गोष्टीत निराळंच दिसतं. मेलेलं मूल कडेवर घेऊन आलेल्या बाईला बुद्धांनी समोर बसवून अनित्यता शिकवली नाही. त्यांनी तिला दारोदार पाठवलं. ज्या घरात कोणी मेलेलं नाही तिथली मूठभर मोहरी आण म्हणाले. म्हणजे प्रत्येक उंबऱ्यावर तिला कोणीतरी आपल्या घरचं मरण सांगितलं असणार आणि तिनेही आपलं सांगितलं असणार. संध्याकाळपर्यंत मोहरी मिळाली नाही, पण बोलणं पुष्कळ झालं. तुमचं तेच राहिलंय. या रविवारी भावाकडे जा आणि चळवळ, विपश्यना, आग्रा यातलं काहीही न काढता दोघं फक्त बाबांबद्दल बोला. ते कुठल्या गोष्टीवर चिडायचे, शेवटच्या आठवड्यात काय म्हणाले, तेवढंच.

आणखी एक सरळच विचारते, राग मानू नका. कुर्ल्याला उतरू नये असं वाटतं म्हणजे नेमकं काय वाटतं? दिवसभर कुठेतरी निघून जावं, की आपण नसलेलंच बरं? पहिलं वाटलं नाही असा माणूस मध्य रेल्वेवर सापडायचा नाही. दुसरं असेल तर हा लेख इथेच ठेवा आणि आधी डॉक्टर गाठा. घरात एकाला तरी सांगा. 14416 हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं आणि रात्री-अपरात्रीही चालतो. दुसरं नसेल तरी झोप आणि जेवण बिघडलंय, हे तुम्हीच लिहिलंय. चव्वेचाळिसाव्या वर्षी थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-12 तपासून घेतल्याशिवाय बाईने आयुष्याच्या अर्थाला हात घालू नये, असं माझं मत आहे. माझ्या एका सहकारी बाईंचं 'जगण्यात राम नाही' चार महिन्यांच्या गोळ्यांनी बरंचसं कमी झालं होतं. उरलेलं मात्र खरंच तत्त्वज्ञान होतं, ते गोळ्यांनी गेलं नाही.

तर आता त्या उरलेल्याबद्दल.

मालुंक्यपुत्त नावाच्या भिक्खूला असेच मोठे प्रश्न पडले होते. जग शाश्वत आहे की नाही, त्याला अंत आहे की नाही, जीव आणि शरीर एकच का, तथागत, म्हणजे बुद्ध, मरणानंतर असतात का. उत्तर द्या, नाहीतर चीवर, म्हणजे भिक्खूचं वस्त्र, सोडून जातो, म्हणाला. त्यावर बुद्धांनी बाण लागलेल्या माणसाचा दृष्टांत दिला: बाण कोणी मारला, त्याचं गोत्र काय, धनुष्याची दोरी कसली, हे कळल्याशिवाय बाण काढू देणार नाही असं म्हणणारा माणूस ते कळण्याआधीच मरेल. तुम्ही हे लहानपणापासून ऐकलं असणार. हल्ली लोक हा दृष्टांत विचारणाऱ्याचं तोंड बंद करायला वापरतात. ते मला मुळीच आवडत नाही, कारण बुद्ध तिथे थांबलेले नाहीत. हे मी सांगितलं नाही म्हणतात आणि लगेच काय सांगितलं तेही म्हणतात: दुःख आहे, ते कशातून उपजतं, ते थांबतं, आणि थांबवण्याची वाट आहे. 'कशासाठी' हा प्रश्न त्यांनी 'कशामुळे' असा फिरवून हातात दिला. जगायचं कशासाठी हे राहू दे, आत्ता जळतंय ते कशामुळे ते बघ. राग (पालीतला, म्हणजे आसक्ती), द्वेष, मोह ही तीन आगींची नावं, आणि निर्वाण या शब्दाचा साधा मतलब विझणं. परंपरेत ते जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटणं आहे. बाबासाहेबांनी मांडलं ते असं की, याच आयुष्यात विकारांवर ताबा येऊन माणूस नीट वाटेने चालू लागतो ते निर्वाण. दोन्हीकडे 'तुझ्या जन्माचा खास हेतू हा' असं सांगणारं कोणी नाही. सांगायला वर कोणी बसलेलंच नाही. लहानपणी मला हे फार ओकंबोकं वाटायचं. आता मोकळं वाटतं.

मैत्रिणीच्या कोर्सबद्दल थोडक्यात सांगते. बुद्धांनी तृष्णा तीन प्रकारची सांगितली. एक सुखोपभोगांची. दुसरी भवतृष्णा: काहीतरी व्हायचं, कोणीतरी असायचं. तिसरी विभवतृष्णा: हे सगळं नकोच, संपू दे. 'माझा पर्पज' ही पुष्कळदा दुसरी असते, आणि ती भागली नाही की माणूस तिसरीकडे वळतो. तुमच्या पत्रात या दोघी एकाच पानावर भेटल्या मला. कोर्सची फी वाचवा.

पण 'अर्थ' हा शब्द मी सहज सोडणार नाही, कारण तो आपल्याकडे फार जुना आहे. मराठीत अर्थ म्हणजे शब्दाचा अर्थ, आणि अर्थ म्हणजे पैसाही. तुम्ही तर अर्थाच्याच खात्यात आहात. पालीत त्याचं अत्थ होतं आणि तिथे त्याची आणखी एक छटा ठळक आहे: हित, भलं. मेत्तसुत्ताची सुरुवात आठवा, लहानपणी विहारात पाठ केली असेल: 'करणीयमत्थकुसलेन'. ज्याला अत्थ उमगतो, ज्याला आपलं खरं भलं ओळखण्याचं कसब आहे, त्याने काय करावं? म्हणजे तुमचाच प्रश्न. आणि ताई, उत्तर पुढच्याच ओळींत आहे, आपण ते चालीवर म्हणत आलो म्हणून ऐकलं नाही. सक्को, कामाला समर्थ. उजू, सरळ. सुवचो, ज्याला चार गोष्टी सांगता येतात, सांगितल्या तर जो अंगावर येत नाही. मुदु, मऊ. अनतिमानी, फार ताठा नसलेला. सन्तुस्सको, आहे त्यात समाधानी. सुभरो, ज्याला सांभाळणं दुसऱ्याला जड जात नाही. अप्पकिच्चो, ज्याने आपल्यामागे फार उद्योग लावून घेतलेले नाहीत.

या यादीत जगावेगळं ध्येय नाही, इतिहासात नाव नाही. आणि यातली एकही गोष्ट 7.48 च्या लोकलमध्ये बसून अशक्य नाही. अप्पकिच्च सोडून, असं म्हणाल. खरंय. मग तिथूनच सुरू करा. नोकरी, दहावी, आईची औषधं, वर शिबिर, वर समाजाचं ऋण, वर अर्थ शोधायचं काम. काहीतरी उतरवा. रात्रीचे डबे तुम्ही का घासता? घरात तुम्ही सोडून आणखी दोघे डबे नेतात आणि दोघांचेही हात शाबूत आहेत. मुलाला प्रमेयं कळतात म्हणजे डबाही घासता येईल.

आता आजोबा. तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोठं वाक्य तुम्ही सगळ्यात छोटं लिहिलंय. पावत्यांचा गठ्ठा.

आजोबांच्या जगण्याला अर्थ होता असं म्हणताना तुमच्या डोळ्यांसमोर 7 डिसेंबरची चौपाटी आहे: लोटलेली माणसं, भदन्त आनंद कौसल्यायन दीक्षा देताहेत, आणि त्या गर्दीत, त्या दुःखात तुमचे आजोबा त्रिशरण म्हणताहेत. तो एक दिवस झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगा झाला असेलच. गिरणीत ते कुठल्या खात्यात होते हे तुम्ही लिहिलं नाही, पण एक सांगते. एकेकाळी आपल्या माणसांना विणाईखात्यात घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागायचा, त्याचा विटाळ व्हायचा म्हणे. आणि पगार तिथेच जास्त. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला होता. अशा जगात पाळ्या करणारा माणूस, चाळीतल्या 160 चौरस फुटांच्या खोलीत बिऱ्हाड, आणि महिन्याच्या महिन्याला चार आणे. 1957 पासून नवी नाणी आली, तेव्हा नंतरच्या पावत्यांवर 25 नये पैसे लिहिलेलं असेल, आजोबा चार आणेच म्हणत असणार. हाही हप्ताच होता, ताई. प्रत्येक चार आणे देताना त्यांना 'आपल्या जगण्याला अर्थ आहे' असं भरून येत होतं का? मला नाही वाटत. कधी उसनवारीचं ओझं असेल, कधी पाठदुखी, कधी आजीशी भांडण. अर्थ तुम्हाला दिसतोय, सत्तर वर्षं पलीकडून, ट्रंक उघडल्यावर. त्यांच्या हातात एका वेळी एकच पावती होती.

तुम्ही त्यांच्या आयुष्याचा गठ्ठा आणि तुमच्या आयुष्याची एक पावती यांची तुलना करताय. असा हिशेब बँकेत कोणी मांडला तर तुम्ही सही कराल का?

भावाबद्दल. आग्र्याला 1956 मध्ये बाबासाहेबांनी शिकलेल्यांनी समाजाकडे पाठ फिरवली अशी जी खंत बोलून दाखवली, ती माझ्या पिढीने छातीवर दगडासारखी वागवली. तो दगड खरा आहे, तो भिरकावून द्या असं मी म्हणणार नाही. पण तो एकमेकांच्या डोक्यात घालायचा नसतो, हेही भावाला सांगायला हवं. आणि तुमच्या मनात एक गृहीत आहे, ते बाबासाहेबांच्याच आधाराने तपासू. तुम्हाला वाटतं, अर्थ हवा तर घरदार, नोकरी सोडायला हवी, सिद्धार्थानेही तेच केलं. म्हातारा, आजारी, प्रेत आणि संन्यासी पाहिले, संसार निरर्थक वाटला आणि निघाले. बाबासाहेबांना ही गोष्ट पटली नाही. 29 व्या वर्षापर्यंत या माणसाने म्हातारा पाहिलाच नव्हता, हे बुद्धीला पटणारं नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी सांगितलेलं कारण आहे रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांमध्ये पेटलेलं भांडण. शाक्य संघात युद्धाचा ठराव आला, सिद्धार्थाने विरोध केला, बहुमत विरुद्ध गेलं आणि त्याची किंमत म्हणून त्यांनी घर सोडलं. यात कंटाळा कुठे आहे? समोर एक ठरलेली, सार्वजनिक गोष्ट होती आणि तिला त्यांनी नाही म्हटलं. तुमच्यासमोर आज तशी गोष्ट आहे का, जिच्यासाठी नोकरी सोडावीच लागेल? असेल तर सोडा, मी आड येणार नाही. नुसतं आतून रिकामं वाटतंय म्हणून सोडाल, तर तेच रिकामपण समाजाच्या कामात घेऊन जाल. तसे कार्यकर्ते मी पाहिलेत. त्यांच्या घरच्यांनाही पाहिलंय.

रोहिणीच्या पलीकडच्या कोलियांपैकीच एक दीघजाणू. तो बुद्धांकडे आला आणि म्हणाला, आम्ही संसारी माणसं, लेकरांच्या दाटीत झोपतो, काशीचं चंदन लावतो, माळा घालतो, सोनंनाणं घेतो. आमच्यासारख्यांचं इथे आणि पुढे भलं होईल असं काहीतरी सांगा. बुद्ध त्याला सोडून ये म्हणाले नाहीत. मन लावून, कसबाने काम कर, मिळवलेलं जप, चांगल्या माणसांच्या सोबतीत राहा, आणि तराजू धरणाऱ्यासारखी जमा-खर्चाची दांडी सम ठेव, असं सांगितलं. मिळकतीपेक्षा खर्च मोठा असलेल्याला ते उंबर खाणाऱ्याची उपमा देतात: झाड हलवून ढीगभर पाडतो, खातो चार. या चारनंतर श्रद्धा, शील, त्याग आणि प्रज्ञा. क्रम पाहिलात? काम आधी आलंय.

तुमच्या फायलींचंही सांगते, तुम्ही त्यांच्याबद्दल फार तुच्छतेने लिहिलंय. नाशिकच्या लेण्यांमध्ये क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा एक कोरीव लेख आहे, सातवाहन-क्षत्रपांच्या काळातला. त्याने लेणं दान दिलं आणि सोबत 3000 कार्षापणांची (त्या काळच्या नाण्यांची) कायमची ठेव ठेवली, अक्षयनीवी. 2000 विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे संघटनेकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने, 1000 दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण दराने. मुद्दलाला हात लावायचा नाही. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यात एका जागी, राहणाऱ्या 20 भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी 12 कार्षापणं. करा हिशेब: महिन्याला 20, वर्षाला 240, भागिले 20. बरोबर बारा येतात. दोन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी हे आकडे जुळवत बसलं होतं म्हणून डोंगरात ध्यानाला बसणाऱ्याच्या अंगावर कापड होतं. बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांत जा, तिथल्या दात्यांमध्ये कल्याणचे लोक आहेत. तुमच्याच गावचे.

भाऊ तुम्हाला सांगतो तो समाज रोज तुमच्या टेबलासमोर येऊन बसतोय. मे 1956 मध्ये बीबीसीवर बोलताना बाबासाहेबांनी बुद्धधम्म का आवडतो याची तीन कारणं दिली: प्रज्ञा, करुणा, समता. ती बँकेत चालवून बघा. ज्याचं कर्ज नाकारायचं आहे त्याला कागद कुठे कमी पडतोय ते समजेल अशा मराठीत सांगणं, कॉलर पांढरी असो वा मळकी, तितकाच वेळ देणं. याला पगाराव्यतिरिक्त काही लागत नाही. आणि महिन्यातला एक रविवार, फक्त दोन तास, जवळच्या विहारात बसा. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचे शिष्यवृत्तीचे अर्ज, शैक्षणिक कर्जाची कागदपत्रं, उत्पन्नाचा दाखला कुठे अडतो, हे ज्याला येतं असा माणूस वस्तीत मिळत नाही. पोरं सायबर कॅफेवाल्याला पैसे देऊन चुकीचे अर्ज भरतात. मी चेंबूरच्या वस्तीत वाढले, अजून तिथे जाते, म्हणून ठामपणे सांगते. दोनाचे चार तास करू नका. अप्पकिच्चो.

इगतपुरीबद्दल भाऊ म्हणतो ते मला अर्धंच मान्य आहे. बसणं हा पळपुटेपणा नाही. पण तुम्ही शिबिराला मोबाइल चार्जिंगला लावतात तसं वापरलंत. गोएंका गुरुजींच्या पद्धतीत तीन दिवस नुसता श्वास, चौथ्या दिवसापासून संवेदना, आणि दहाव्या दिवसानंतर घरी रोज सकाळ-संध्याकाळ बसायला सांगतात. तुमच्याकडून ते झालं नाही, मुंबईत फार थोड्यांकडून होतं. तासभर जमत नसेल तर दहा मिनिटं बसा. सुधारायला काही नाही, मिळवायलाही नाही. श्वास आत, श्वास बाहेर. गोराईच्या पॅगोडात जुन्या साधकांसाठी एक दिवसाची शिबिरं असतात, खाडी ओलांडायला बोट आहे. तेवढा एक दिवसही पुष्कळ. मात्र डॉक्टरांनी औषध सुरू केलं, तर त्यांना विचारल्याशिवाय पुन्हा दहा दिवसांना जाऊ नका. शिबिराच्या अर्जातही मानसिक आजाराची माहिती विचारतात, ती लपवू नये. हे इतर वाचकांनाही सांगतेय, कारण दर महिन्याला असं एखादं पत्र येतंच.

अर्थ मोजायचाच असेल तर तो आयुष्याला लावू नका, एका कृतीला लावा. बुद्धांनी आपल्या मुलाला, राहुलला, विचारलं होतं, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी. तसं प्रत्येक कृती करण्याआधी, करताना आणि केल्यावर बघ, यातून माझं किंवा दुसऱ्याचं वाईट होतंय का. राहुल तेव्हा लहान मुलगा होता. तुमच्या मुलाला सात वर्षांनी नोकरी लागेल का, याची चिंता करताना त्याच्यावर आज ओरडलात, ते ओरडण्याआधी बघता आलं असतं का? मला तरी शंभरातल्या नव्वद वेळा केल्यावरच दिसतं. तरी दिसतं.

नोकरीचा निर्णय बाबांच्या पहिल्या स्मृतिदिनापर्यंत घेऊ नका. दुःखातल्या माणसाने वर्षभर राजीनामे, घरविक्री आणि केसांचे नवे प्रयोग टाळावेत.

6 डिसेंबर जवळ आलाय. गर्दी नको म्हणून पाच-सहा वर्षं चैत्यभूमीला गेला नाहीत, असं लिहिलंय तुम्ही. रांगेत उभं राहायलाच हवं असं नाही. शिवाजी पार्कात पुस्तकांचे स्टॉल असतात तिथे या, मुलाला घेऊन. लातूर-परभणीहून रात्रभर प्रवास करून आलेल्या बाया फूटपाथवर भाकरीचं फडकं सोडून जेवायला बसतात आणि उठताना एक पुस्तक घेऊन जातात. त्यातल्या एकीशेजारी जरा वेळ बसा. येताना आजोबांचा तो सदरा आणला तरी चालेल, नाही आणला तरी चालेल.

आणि जाता जाता मला एक कळवा. त्या गठ्ठ्यातली शेवटची पावती कुठल्या महिन्याची आहे? 1982 नंतरचीही आहे का, म्हणजे गिरणी संपात पगार थांबल्यावरची?